कार्डिया मोबाइल: अण्णांच्या ठोक्यांचा दीड वर्षाचा हिशेब

आमच्या आत्यांना दोन वर्षांपूर्वी पहाटे पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणे गेले, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात ही गोष्ट आम्हा सर्वांना त्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असताना प्रथमच कळली. डॉक्टरांनी वापरलेला शब्द होता एट्रियल फिब्रिलेशन. आत्यांना त्याचा त्रास असा कधी जाणवलाच नव्हता. जिना चढताना दम लागतो, एवढेच त्या म्हणत आणि आम्ही ते वयाच्या खात्यावर टाकत असू. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील अण्णा, ‘छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतंय’ असे म्हणू लागले, तेव्हा घरात कोणीही ती गोष्ट वयावर ढकलली नाही.

अण्णा आज ७३ वर्षांचे आहेत. एस.टी.त चालक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, आणि गोळ्या वेळेवर घेण्याबाबत ते अतिशय काटेकोर आहेत. त्यांची फडफड पहाटे यायची, वीस मिनिटे ते तासभर टिकायची आणि दवाखान्याचे दार उघडेपर्यंत निघून जायची. दोनदा काढलेला ईसीजी नॉर्मल आला. चोवीस तास अंगावर बाळगून ठोके सतत नोंदवणारे होल्टर यंत्र लावले, तर नेमके त्या दिवशी काहीच झाले नाही. एका दवाखान्यात तर पित्त वाढले असावे असे सांगून तशा गोळ्या लिहून दिल्या गेल्या. शेवटी ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो त्यांनी आत्यांची हकीकत पूर्ण ऐकून घेतली आणि सांगितले की सुरुवातीच्या काळात हा आजार येतो आणि जातो, त्यामुळे तो आलेला असतानाच त्याची नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठी घरी वापरण्याचे एखादे छोटे ईसीजी यंत्र घेता आले तर पाहा. अलाइव्हकोर कंपनीचे कार्डिया मोबाइल आमच्या घरी आले ते असे, आणि दीड वर्षाच्या रोजच्या वापरानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण ज्यांच्या घरी अशी फडफड आहे त्यांना या यंत्राकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे दोन्ही आधी ठाऊक असायला हवे.

यंत्राची ओळख करून देण्यापूर्वी ते कशावर नजर ठेवते हे सांगितले पाहिजे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात. निरोगी हृदयात त्या एका ठेक्यात आकसतात आणि रक्त खालच्या जवनिकांमध्ये ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिकांमधील विद्युत संदेश मिनिटाला ३५० ते ६०० इतके आणि तेही अस्ताव्यस्त सुटू लागतात, कर्णिका आकसण्याऐवजी नुसत्या थरथरतात, आणि त्यांतील काही संदेशच खाली पोहोचत असल्यामुळे नाडी कसल्याही ठेक्यात न बसणारी लागते. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून राहते. विशेषतः डाव्या कर्णिकेला बोटाच्या पेरासारखी एक छोटी पिशवी असते, तिच्यात ते अधिक रेंगाळते आणि गुठळी धरते. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये कर्णिकेतील दहापैकी नऊ गुठळ्या त्या पिशवीतच सापडतात. अशी गुठळी सुटली की महाधमनीतून मानेच्या रक्तवाहिनीमार्गे मेंदूकडे जाते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवून दिले की हा आजार असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. शिवाय गुठळी मोठी असल्यामुळे असे झटके इतर झटक्यांपेक्षा बहुधा अधिक गंभीर ठरतात. आत्यांच्या बाबतीत आम्ही ते पाहिले आहे.

यंत्र म्हणजे च्युइंगमच्या पाकिटाएवढी एक चपटी पट्टी आहे, आणि तिच्यावर धातूचे दोन चौकोन आहेत. एकावर डाव्या हाताची दोन बोटे, दुसऱ्यावर उजव्या हाताची दोन बोटे ठेवायची आणि तीस सेकंद शांत बसायचे, एवढीच कृती आहे. पट्टीला तार नाही, चालू-बंद करण्याचे बटण नाही. आत घड्याळात असतो तसा सी.आर. २०१६ क्रमांकाचा बटण सेल आहे. बोटे टेकली की पट्टी आपली नोंद कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीच्या रूपात शेजारी ठेवलेल्या फोनकडे पाठवते आणि फोनचा माइक ती पकडतो, म्हणून फोन जवळ हवा आणि खोलीत गोंगाट नको. (तीन धातूपट्ट्यांचे सिक्स-एल हे पुढचे रूप ब्लूटूथवर चालते आणि सहा लीड, म्हणजे हृदयाकडे सहा कोनांतून पाहणारे आलेख दाखवते, पण त्यासाठी पट्टी डाव्या गुडघ्यावर किंवा घोट्यावर उघड्या त्वचेवर टेकवावी लागते, अण्णांना ते अवघड गेले असते.)

दोन हातांमधून मिळणारा हा आलेख म्हणजे जुन्या ओळखीचे ‘लीड एक’ आहे. हॉलंडमधील लायडन येथे व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पहिले व्यवहार्य ईसीजी यंत्र उभारले तेव्हा त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोच डाव्या-उजव्या हातांमधील विद्युत फरक आज अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात मावतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. अमेरिकेतील डॉक्टर डेव्हिड अल्बर्ट यांनी या पट्टीमागची कल्पना प्रत्यक्षात आणली. २०१२ च्या अखेरीस तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली आणि फिब्रिलेशन ओळखणाऱ्या गणिताला (अल्गोरिदमला) २०१४ मध्ये.

आता प्रत्यक्ष वापर. पहिल्या आठवड्यात अण्णांच्या निम्म्या नोंदींवर ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे ‘वर्गीकरण झाले नाही’ असा शेरा यायचा. दोष यंत्राचा नव्हता. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेली त्यांची बोटे जाड आणि कोरडी आहेत, आणि बोट धातूवर दाबून धरण्याची त्यांची सवय अशी की दंडाचे स्नायू ताठ होऊन आलेखात बारीक खरखर उतरत असे. उपाय साधा निघाला. बोटांची टोके ओल्या फडक्याने पुसायची, पट्टी जेवणाच्या मेजावर ठेवायची, दोन्ही कोपरे मेजावर टेकवायचे आणि बोटे नुसती विसावू द्यायची. फोन चार्जिंगला लावलेला नको, कारण विजेची गुणगुण आलेखात शिरते. ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्याकडील ५० हर्ट्झ निवडलेले आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. आईने सकाळी मिक्सर लावण्याची वेळ दहा मिनिटे पुढे ढकलली. पडद्यावर येणारे इंग्रजी शेरे आणि त्यांचा मराठी अर्थ मी एका वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला, आणि त्याच वहीत अण्णा एस.टी.च्या लॉगशीटसारखी तारीख, वेळ, ठोके आणि शेरा अशा रकान्यांत नोंद करू लागले.

अकराव्या दिवशी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी मला उठवले. ते मेजापाशी बसलेले होते, बोटे आधीच पुसून झाली होती. ‘आत्ता चालू आहे, बघ,’ एवढेच ते म्हणाले. पडद्यावर आलेख सरकू लागला आणि वैद्यकीचे काहीही शिक्षण नसलेल्या मला तो फरक दिसला: उंच टोकांमधले अंतर एकदा बोटभर, एकदा अर्धे बोट, पुन्हा दीड बोट, आणि प्रत्येक टोकाआधी रोज दिसणारा तो छोटा गोलसर उंचवटा कुठेच नव्हता, त्याच्या जागी नुसती वाळूवरच्या लहरींसारखी थरथर होती. तीस सेकंद संपले आणि शेरा आला, ‘पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन’. अण्णांनी वहीत वेळ लिहिली, ठोके ११८ लिहिले, आणि मग दहा-दहा मिनिटांनी आणखी तीन नोंदी घेतल्या. चौथी नोंद नॉर्मल होती.

या आलेखाची पीडीएफ प्रत थेट डॉक्टरांना पाठवता येते, आणि माझ्या मते यंत्राची खरी किंमत या एका सोयीत आहे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीस सेकंदांचा एका लीडचा आलेख डॉक्टरांनी स्वतः वाचून खात्री केली तर तो निदानासाठी ग्राह्य धरता येतो. ‘डॉक्टरांनी वाचून’ हे शब्द मी अधोरेखित करतो. मनगटावरच्या बहुतेक पट्ट्या किंवा रक्तदाब यंत्रावर लुकलुकणारे हृदयाचे चिन्ह नाडीवरून अंदाज करतात. इथे डॉक्टरांच्या हाती प्रत्यक्ष आलेख पडतो आणि तो मान्य करायचा की नाही हे ते ठरवू शकतात. आमच्या डॉक्टरांनी चारही नोंदी मोठ्या करून पाहिल्या, निदान मान्य केले, बारा लीडचा ईसीजी, इको, थायरॉइड आणि क्रिएटिनिन सांगितले आणि मग कागद पुढे ओढून धोक्याचा हिशेब मांडला.

तो हिशेब प्रत्येक घराला येण्याजोगा आहे, म्हणून इथे देतो. चॅड्स-व्हॅस्क नावाच्या या पद्धतीत हृदय निकामी होत असेल तर एक, उच्च रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक आणि ७५ किंवा अधिक असेल तर दोन, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन असे गुण धरतात. स्त्रियांसाठी एक अधिक गुण असे, तो युरोपीय संघटनेने २०२४ मध्ये वगळला. अण्णांचे गुण तीन झाले: वय, रक्तदाब, मधुमेह. दोन किंवा अधिक गुण असतील तर रक्त गोठण्याला आवर घालणारे औषध द्यावे असा संकेत आहे. ‘ॲस्पिरिन चालेल का?’ असे अण्णांनी विचारले, कारण त्यांचे दोन मित्र तेच घेतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या आजारात ॲस्पिरिनचे संरक्षण तोकडे पडते, उलट वॉरफरिनसारख्या औषधांनी पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे, आणि नव्या गोळ्या त्याच तोडीच्या असून मेंदूतील रक्तस्रावाच्या बाबतीत अधिक सुरक्षित आहेत. अण्णांना या नव्या गोळ्यांपैकी अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. भारतातील तिचे पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या आहेत आणि निवृत्तिवेतनावरच्या माणसालाही ती महिनोन्‌महिने घेणे शक्य झाले आहे.

गुडघेदुखीसाठी दुकानातून मागून घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र त्या दिवसापासून घरातून हद्दपार झाल्या, कारण त्या या औषधाबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. आपल्याकडे हे सांगणे अतिशय गरजेचे आहे. आणि ज्यांना लहानपणी सांधेताप येऊन हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, त्यांनी शेजाऱ्याला नवी गोळी मिळाली म्हणून आपलीही बदलून मागू नये. अशा रुग्णांवरील इन्व्हिक्टस या मोठ्या चाचणीत २०२२ मध्ये रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुनी वॉरफरिन गटातील औषधेच सरस ठरली, म्हणून त्यांनी ॲसेनोकूमरॉल किंवा वॉरफरिन आणि त्याबरोबरची आय.एन.आर., म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी हीच वाट धरायची आहे.

आता मर्यादा, आणि त्या मी मोकळेपणाने लिहितो. हे यंत्र हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. ॲपमध्येही तशी स्पष्ट सूचना असते, तरीही छातीत कळ आली असता ‘नॉर्मल’ असा शेरा पाहून थांबून राहणारी माणसे असू शकतात, आणि त्यांच्या जिवाला ते महागात पडेल. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर पट्टीला हातही न लावता रुग्णालय गाठावे. पेसमेकर बसवलेल्यांसाठी कंपनी या यंत्राची शिफारस करत नाही. बोटे टेकवली तेवढ्याच तीस सेकंदांची नोंद होते, त्यामुळे झोपेत येऊन गेलेले, अजिबात न जाणवणारे फिब्रिलेशन ते पकडणार नाही. आत्यांसारख्या माणसाने केवळ धडधड झाली तरच नोंद घ्यायची असे ठरवले असते, तर त्यांना पट्टीचा काडीचाही उपयोग झाला नसता. त्यासाठी ठरलेल्या वेळी, काही जाणवत नसतानाही नोंद घ्यावी लागते. अधूनमधून चुकणारे साधे ठोके पाहून गणित कधी फिब्रिलेशनची शंका घेते, कधी निर्णयच देत नाही. किंमत वेळोवेळी बदलते, पण चांगल्या रक्तदाब यंत्राच्या ती काही पट पडते, आणि प्रत्येकाने ती मोजावी असे मी म्हणणार नाही.

या मताला आधार आहे. वेल्समध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिहर्स-एएफ या चाचणीत ६५ वर्षांवरील आणि धोक्याचे गुण असलेल्या १,००१ लोकांपैकी निम्म्यांना हेच यंत्र देऊन वर्षभर आठवड्यातून दोनदा नोंद घ्यायला लावली होती; त्यांच्यात फिब्रिलेशन १९ जणांत सापडले, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या निम्म्यांत ५ जणांत. पकडण्याची ताकद निर्विवाद आहे. पण पकडल्यामुळे पक्षाघात किती टळले, याचे उत्तर इतके सरळ नाही. स्वीडनमधील स्ट्रोकस्टॉप या चाचणीत ७५-७६ वर्षांच्या लोकांनी दुसऱ्या एका अंगठ्याने वापरायच्या यंत्रावर दोन आठवडे नोंदी घेतल्या, तेव्हा काही वर्षांनी फायदा दिसला, पण तो लहान होता. डेन्मार्कच्या लूप चाचणीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्राने सुमारे तिप्पट लोकांत फिब्रिलेशन सापडले, तरीही पक्षाघातातील घट ठामपणे सिद्ध झाली नाही. ॲपलच्या घड्याळावर आधारलेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते, त्यांपैकी निम्म्या टक्क्याला सूचना मिळाली, आणि नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी चिकटपट्टी लावून तपासलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांतच फिब्रिलेशन आढळले. म्हणजे चाळिशीतल्या निरोगी माणसाने केवळ हौसेखातर हे घेतले तर हाती काळजीच लागण्याची शक्यता अधिक आहे. त्याउलट ज्याचे वय ६५ च्या पुढे आहे, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, येऊन-जाऊन धडधड होते आणि दवाखान्यातला ईसीजी दर वेळी नॉर्मल येतो, त्याच्यासाठी हे अगदी योग्य साधन आहे, आणि मी ते निःशंकपणे सुचवतो.

ज्यांना ते परवडत नाही त्यांनी नाडी पाहायला शिकावे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि संख्येपेक्षा ठेका ऐकायचा. पावले चालल्यासारखा एकसारखा ठेका लागत नसेल, तर त्याच वेळी जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यायचा, बरे वाटेपर्यंत थांबायचे नाही. आत्यांच्या बाबतीत हे एक मिनिट कोणी दिले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आत्या आता आमच्याकडेच असतात. त्यांचे फिब्रिलेशन कायमचे आहे, त्याचे निदान नव्याने करायचे नाही; पण विश्रांतीच्या वेळी ठोके ११० च्या खाली राहतात ना, हे डॉक्टरांना दर आठवड्याला कळवायचे असते. दर रविवारी अण्णांची नोंद झाली की पट्टी त्यांच्यापुढे सरकते. डावी बोटे त्या स्वतः ठेवतात. उजवी बोटे उचलत नाहीत, आणि दुसऱ्याच्या हाताचा स्पर्श झाला तर दोन हृदयांचे संदेश एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून अण्णा आपल्या हाताला कोरडा पंचा गुंडाळून बहिणीचे मनगट उचलतात, बोटे एकेक करून धातूवर ठेवतात आणि हात काढून घेऊन मागे सरकतात. तीस सेकंद कोणी बोलत नाही. परवा ८२ आले, आणि अण्णांनी वहीत त्यांच्यासाठी आखलेल्या वेगळ्या रकान्यात ते लिहिले.